हिरवा दिवा लागेपर्यंत

मी लटारी नगराळे. नांदझरी खाणीच्या बत्तीघरात एकतीस वर्षं झाली. शिक्षण सातवी, तेही गुरुजींनी पुढे ढकललं म्हणून. आज रविवार, खाणीले सुट्टी, सकाळचे दहा वाजून गेले. मी सात नंबरच्या गल्लीत, जमिनीच्या शंभर मीटर खाली, एका लाकडाच्या ठोकळ्यावर बसलो आहो. डोक्यावर कानटोप आहे. मी जे बोलून राहिलो ते तो टिपून राहिला.

पहिलेच सांगून टाकतो, मागून कोणी म्हणू नये का म्हातारा दारू पिऊन उतरला. पेलो नाई. दोन कप चहा पेलो, अन् बायकोले म्हणलं, बत्तीघर झाडून येतो.

बटन दाबतो, थांबा. हं. हिरवा लुकलुकला. इथवरचं लिहिलं गेलं.

कानात टिक टिक होऊन राहिली, ते मी मोजून राहिलो. सात झाल्या. एका तासात साठ पाहिजे. कायले पाहिजे ते सांगतो. तासभर बसाचंच आहे, तर नीट सांगतो.

बत्तीघर म्हणजे काय ते ज्याले माहीत नाई त्याच्यासाठी. खाणीत उतरणारा माणूस पहिले माझ्या खिडकीवर येते. आपला पितळी बिल्ला देते. मी तो त्याच्या नंबरच्या खिळ्यावर लटकवतो, अन् त्याले बत्ती देतो. वर आला का बत्ती माझी मले, बिल्ला त्याचा त्याले. पाळी सुटल्यावर खिळ्यावर बिल्ला राह्यला, म्हणजे माणूस खाली राह्यला. माझ्या बापाच्या जमान्यापासून हेच आहे. कम्प्युटर आले, कॅमेरे आले, खिळे तसेच आहेत.

चार सालापूर्वी बत्तीच्या जागी हे टोप आले. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही कानटोप म्हणतो. याच्यात दिवा आहे, गॅस हुंगाचं नाक आहे, पण खरं काम आहे ऐकाचं. छत काही एकदम पडत नाई. पडाच्या आधी दगडाच्या पोटात बारीक बारीक भेगा जातात. एकेका भेगेचा आवाज होते, केसाएवढा. माणसाच्या कानाले तो पोहोचत नाई. टोपाले पोहोचते, अन् तो तुमच्या कानात टिक करते. दिवसाचा सगळा आवाज तो आपल्या पोटात लिहून ठेवते. वर आल्यावर सगळ्या टोपांचं लिहिलेलं एका कम्प्युटरात जाते, अन् कम्प्युटर सांगते का कोणती गल्ली चांगली, कोणती वाईट. चार सालात इथे छतानं एक माणूस मेला नव्हता. हे बी सांगाले पाहिजे. मशीन वाईट नाई.

आमच्यात एकाले मात्र मशीनबिगर ऐकू ये. सोमाजी कुळमेथे, बिल्ला नंबर दोनशे चौदा. टिंबर मिस्त्री. छताले टेकू द्याचं काम. हातात लोखंडी सळाख, छताले ठोके अन् डोकं तिरपं करून ऐके. आवाज टणक आला तर छत चांगलं, भदभद आला तर मागं सरका. बावीस वर्षं रोज माझ्या खिडकीवर आला. कानटोपाले तो सासू म्हणे.

"दे गा लटारी, सासू दे डोक्यावर."

"नीट वागव तिले. सगळं ऐकते ते."

"ऐकते ना. काल मी मारोतीले म्हणलं, लटारीची बायको भाजीत मीठ टाकाले विसरते, तर मशीननं ते बी लिहिलं असन."

"तुले कोण जेवाले बोलावलं होतं बे?"

"बोलावलं कुठे! तू खात नाई म्हणून तुया डबा मी खाल्ला."

असा होता. आता त्याच्यावर काय लिहून ठेवलं आहे ते सांगतो.

बटन दाबलं. हिरवा. एकोणीस झाल्या.

दोन सालापूर्वी नियम आला का खाणीत अपघात झाला तर माणसाची साक्ष धराची नाई, टोपाची धराची. हा नियम कोणी मागितला? आम्हीच. गेटवर उभं राहून घोषणा दिल्या, त्यात माझा गळा सगळ्यात मोठा. कारण पहिले काय होये, वरचा माणूस दोन मजुरांले दम दे अन् ते मेलेल्या माणसाच्या विरोधात अंगठा लावत. आम्ही म्हणलं, मशीन कोणाले भीत नाई, मशीनले बोलू द्या. देल्लं बोलू.

नियमात अजून एक कलम होतं. पोरं टोपाची बॅटरी काढून ठेवत. बिडी ओढाची, साहेबाले शिव्या द्याच्या, डुलकी घ्याची, तर सासू कायले पाहिजे? म्हणून कलम टाकलं का ज्या टोपाची फाईल नीट बंद झाली नाई, अन् बॅटरी हातानं काढलेली दिसली, तर दोष ज्याच्या डोक्यावर टोप होता त्याचा. त्याच्यावर बी आम्ही टाळ्या वाजवल्या.

फाईल बंद करणं म्हणजे काय, हे आम्हाले टेंभुर्णे मॅडमनं शिकवलं. टोपाचं सगळं त्याच पाहतात. पोरगी इथलीच, ब्रह्मपुरीची, बापाचं सायकलचं दुकान. तिनं बत्तीघरात खुर्ची ओढून मले सांगितलं, "काका, टोप ऐकतो ते लगेच लिहीत नाही. आधी एका छोट्या जागेत साठवतो. ती जागा भरली की एकदम लिहितो."

"लगेच लिहाले काय धाड भरते?"

"एकेक थेंब लिहायला गेला तर बॅटरी दुपारीच संपेल, आणि लिहायची चिप झिजेल."

मी म्हणलं, समजलं. कोळशाचा डबा. एकेक ढेकूळ घेऊन कोणी वर जात नाई. डबा भरला का दोर ओढाचा.

"बरोबर. आणि पाळी सुटली तेव्हा डबा अर्धाच भरलेला असला तर?"

"तर अर्धाच वर न्याचा. खाली ठेवून कोण जाईन?"

"मशीनला ते सांगावं लागतं, काका. हे पिवळं बटन. थोडं दाबलं तर आहे तेवढा डबा वर जातो. तीन मोजेपर्यंत धरून ठेवलं तर डबाही वर जातो आणि फाईलही बंद होते. हिरवा दिवा लागून स्थिर राहिला, की झालं. तो लागायच्या आधी बॅटरी काढली, तर डब्यातलं सगळं गेलं. ती जागा करंट आहे तोवरच धरून ठेवते. करंट गेला की कोरी."

मी मान हलवली. रोज दोनशे टोप यायचे, दोनशे वेळा पिवळं बटन, तीन मोजा, हिरवा दिवा. हाताले सवय झाली. पण ते शाबूत टोपाची. फुटक्या टोपाची सवय माझ्या हाताले जुनी होती, एकतीस वर्षं जुनी. त्याच्यावर मी येतो.

मधे पावसाळ्यात बॅटऱ्या लवकर उतराले लागल्या, तर कंपनीनं वरून काहीतरी पाठवलं अन् डबा मोठा केला. पहिले दोन मिनिटांत भरे, आता चाळीस मिनिटं लागत. मॅडम नको म्हणत होत्या. त्याईचं कोणी ऐकलं नाई.

बटन. हिरवा. एकतीस. वरून थोडी माती पडली मानेवर. पुसून घेतो.

ऑक्टोबरची सोळा तारीख, पहिली पाळी. याच जागेवर सोमाजी अन् त्याचा जोडीदार मारोती टेकाम टेकू लावत होते. मारोती मले नंतर म्हणला, सोमाजीनं सळाखीनं ठोकलं, डोकं तिरपं केलं, अन् म्हणला, "जाय बे, मागून लाकूड घेऊन ये." मारोती म्हणे, लाकूड तर इथंच आहे. तर सोमाजी ओरडला, "जाय म्हणलं ना भोकन्या!" मारोती पन्नास-साठ हात मागं गेला, अन् आठ कमी बाराले छत बसलं. मारोतीच्या टोपात ट्रॉलीच्या चाकाच्या खडखडाटाशिवाय काही नाई. त्याची साक्ष तर चालतच नाई.

दुपारी दोनले सोमाजीले वर आणलं. चौघांनी स्ट्रेचर बत्तीघरासमोर ठेवलं, कारण रिवाज तसा आहे. जिता असो का मेला, माणसाची बत्ती पहिले जमा होते. मी खिडकीतून नाई, दारातून बाहेर आलो. चेहरा मी पाह्यला नाई. टोप पाह्यला. डाव्या अंगानं चिरला होता अन् दिवा चालूच होता. त्या उन्हात, मेलेल्या माणसाच्या कपाळावर दिवा जळून राहिला होता.

आता ऐका. फुटकी बत्ती हातात आली का पहिले बॅटरी तोड, हे मले पहिल्या दिवशी शिकवलं. फुटक्या बॅटरीची ठिणगी उडते. मी नवा होतो तेव्हा एका फुटक्या बत्तीनं अख्खं बत्तीघर जळलं होतं, गोविंदा वाघाडेचे दोन्ही हात गेले. तवापासून माझा हात डोक्याले विचारत नाई. त्या दिवशी बी नाई विचारलं. अंगठ्यानं खिट्टी सरकवली, बॅटरी ओढली, एप्रनच्या खिशात टाकली. दिवा विझला. अन् खरं सांगतो, मले बरं वाटलं. मले वाटलं, सोमाजीचे डोळे मिटले.

पंधरा मिनिटांनी मॅडम पळत आल्या. चप्पल एकच पायात. दुरूनच ओरडल्या, "काका, टोप चालू आहे ना? बॅटरीला हात लावू नका! त्यात अर्धा तास आहे त्यांचा!"

बॅटरी माझ्या खिशात होती. गरम होती अजून.

"दिवा चालू होता का आला तेव्हा?"

मी म्हणलं, "नाई. बॅटरी सुटूनच आली."

का म्हणलं? रिटायर व्हाले आठ महिने होते म्हणून. तिच्या तोंडाकडे पाहवलं नाई म्हणून. कायले ते मी रोज स्वतःले विचारतो, उत्तर रोज वेगळं येते. बॅटरी मी कपाटामागं टाकली अन् संध्याकाळी सापडली म्हणून देल्ली. दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी एक कोरा टोप माझ्यासमोर ठेवला. मी त्याच्यात तेच बोललो. मॅडमनं पिवळं बटन दाबून धरलं. हिरवा दिवा लागला. माझं खोटं एकदम नियमानं लिहिलं गेलं.

सेहेचाळीस झाल्या. दाबतो. हिरवा.

सोमाजीच्या टोपात शेवटचं लिहिलेलं अकरा वाजून वीसचं होतं; छत बसलं तेव्हाच टोपाचा ऐकाचा कान फुटला, म्हणून पुढचा डबा भरलाच नाई अन् अर्धाच राह्यला. तोवर छत शांत. पुढं कोरं. बॅटरीची खिट्टी मारानं उघडत नाई, बोटानंच उघडते, हे कंपनीनं हातोडे मारून दाखवलं. मग चौकशीचे वासाडे साहेब बोर्डावर कागद लावून गेले. छत चांगलं होतं. मिस्त्रीनं अकरा वीसनंतर स्वतः टोप बंद केला, अन् टेकू न लावता पुढं गेला. चूक मिस्त्रीची. गल्ली सोमवारपासून चालू.

छत चांगलं होतं, हे त्यातलं सगळ्यात मोठं वाक्य. मी ते तेव्हा वाचलंच नाई. मी फक्त सोमाजीचं नाव वाचलं.

त्याची बायको मैना परवा माझ्या खिडकीवर आली. कधी आली नव्हती. खिळ्याकडे पाहत होती. दोनशे चौदावर त्याचा बिल्ला अजून आहे, मी उतरवला नाई.

"भाऊजी, लोकं म्हणून राहिले का तो झोपाले टोप काढे. पाण्याच्या नळावर बाया तोंडावर म्हणाल्या मले. दुसऱ्याच्या पोराले मारलं असतं म्हणे झोपेपाई. तुम्ही रोज पाहत होते त्याले. तो काढे का?"

"नाई वहिनी."

"मग सांगा ना कोणाले. तुमचं तरी ऐकतीन."

"माणसाचं ऐकत नाई आता."

तिनं पदर डोक्यावर घेतला. मग म्हणली, "मीच म्हणे त्याले, त्या टोपाचं ऐकत जा, तुया कानाचं नको. रोज म्हणे." अन् गेली.

मी बत्तीघराले कडी लावली अन् सरळ वासाडे साहेबाकडे गेलो. मॅडम तिथंच बसल्या होत्या. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बॅटरी मी काढली, दोन वाजता, दिवा चालू होता.

साहेब माणूस वाईट नाई. पाणी देल्लं. मग म्हणाले, "नगराळे, बॅटरी निघाल्याची वेळ टोप स्वतः लिहितो. इथं तशी वेळ नाही."

"साहेब, बॅटरीच काढल्यावर तो लिहीन कशानं?"

"तेच म्हणतो मी. लिहिलेलं नाही. आणि तुमचं लिहिलेलं जे आहे, त्यात तुम्ही उलट सांगितलंय. बंद फाईल आहे ती."

"ते खोटं होतं."

"पंधरा दिवसांनी दोस्ताची आठवण आली, हे मी समजू शकतो. जा, घरी जा."

मॅडम माझ्या मागोमाग बाहेर आल्या. व्हरांड्यात भिंतीले टेकून रडल्या. मी म्हणलं, शिव्या दे पोरी मले. नाई देल्ल्या. म्हणल्या, "काका, तुम्ही खरं सांगताय, हे मला माहितीये. पण मला सोमाजींच्या बदनामीपेक्षा सोमवारची जास्त भीती वाटते. कम्प्युटरला ते छत चांगलंच वाटतंय, कारण त्यानं ते बिघडताना ऐकलंच नाही. तो अर्धा तासच गेला. सोमवारी सहा माणसं तिथं जातील."

"थांबवता नाई येत?"

"साहेबांना नाही, मला नाही. एका तासात साठ भेगांचा आवाज असलेली बंद फाईल आली, तर कम्प्युटर स्वतः ती गल्ली लॉक करतो. मग कोणालाच उघडता येत नाही. पण सोमवारच्या आधी तिथं उतरायची कोणाला परवानगीच नाही."

तिनं मले जा म्हणलं नाई. हे नीट लिहिलं जाऊ दे. बटन दाबतो. हिरवा. तिनं मले जा म्हणलं नाई.

सोमवारच्या यादीत पहिलं नाव मारोती टेकामचं आहे. ज्याले सोमाजीनं मागं पळवलं, त्यालेच परत इथं उभं करून राहिले. ते बी माझ्या खिशातल्या बॅटरीपाई.

एकतीस वर्षं मी दोनशे माणसांले खाली पाठवलं, स्वतः इतक्या आत कधी आलो नव्हतो. उतरताना गुडघे बोलले. पंपवाल्यानं विचारलं, "काय लटारीभाऊ, रस्ता चुकले का?" मी म्हणलं, एक टोप राह्यला आत. त्याले खरं वाटलं. आमच्यावर लोकांचा विश्वास आहे बाप्पा.

चोपन्न. आता लवकर लवकर येऊन राहिल्या. पहिले मिनिटाले एक येत होती, आता बोलता बोलता दोन. हललो तर बुटांचा आवाज होते अन् भेगा ऐकू येत नाई, म्हणून हलत नाई. सोमाजी इथंच उभा होता बहुतेक. त्याची सळाख त्या कोपऱ्यात वाकडी पडली आहे, दिव्यात दिसते. त्याले टोपाची गरज नव्हती. टोपाले त्याची होती. अर्धा तास त्यानं छताचं ऐकलं अन् सगळं त्या डब्यात होतं, टिक न् टिक. मारोतीले हाकललेलं. मागून काय ओरडला असन ते. मैनाचं नाव घेतलं असन का. मले शिवी घातली असन का. ते आता कोणाले नाई भेटणार.

सत्तावन्न.

मैना वहिनी, सोमाजीनं टोप काढला नाई. मी काढला. तो मेल्यावर काढला. हे एवढं पाण्याच्या नळावर जाऊन सांगा, मोठ्यानं सांगा.

टेंभुर्णे मॅडम, डबा परत लहान करा. बॅटरी उतरते तर उतरू द्या, माणूस दुसरी घेऊन जाईन.

बत्तीघरात जो कोणी माझ्या जागेवर येईन त्यानं फुटक्या टोपाले बी पहिले पिवळं बटन दाबाचं. दिवा जळत असन तर जळू द्याचा. मेलेल्या माणसाच्या कपाळावर जळत असन तरी. पाहवत नसन तर मान फिरवा, पण तीन मोजा.

अठ्ठावन्न. हा मोठा होता. हा मले टोपाबिगर ऐकू आला.

एकोणसाठ. डाव्या बाजूचा टेकू चिरकून राहिला. पळालो तर एक कमी पडीन. एकाच्यासाठी बसतो.

साठ.

आता बटन दाबून धरतो. हे तुम्ही ऐकून राहिले, म्हणजे टोप कसा बी वर आला, हिरवा लागला अन् गल्लीले कुलूप पडलं. त्याच्या पुढचं याच्यात राहणार नाई, कारण फाईल बंद. मग मी उठून पळीन. पोहोचलो का नाई, ते टोपाले नका विचारू. बत्तीघरवाल्याचा बिल्ला नसते, म्हणून येताना मी बत्तीघराची किल्ली दोनशे चौदाच्या खिळ्यावर, सोमाजीच्या बिल्ल्याशेजारी लटकवली आहे. तिथं जाऊन पाहा. किल्ली खिळ्यावर असन, तर मी खालीच आहो.

एक. दोन.